पहिल्यांदाच मोठी क्रूझर चालवताय? हँडल हातात घेण्याआधी हे समजून घ्या

पुण्यातल्या पोरांना गाडी चालवायला शिकवावी लागत नाही, असं गमतीने म्हणतात. दहावी-अकरावीत घरची स्कूटर, कॉलेजमध्ये १५० सीसीची बाईक, आणि मग एखाद्या रविवारी मित्र नवी कोरी क्रूझर घेऊन दारात उभा राहतो. "घे, एक राउंड मारून ये." बहुतेकांची मोठ्या गाडीशी पहिली ओळख अशीच होते. शोरूममध्ये नाही, ट्रेनिंगमध्ये तर नाहीच.

गोची इथेच आहे. आपल्याकडे लायसन्सवर 'गिअर असलेली मोटारसायकल' एवढीच नोंद असते, इंजिन किती मोठं हे कुणी विचारत नाही. म्हणजे १०० सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून पास झालेला १८ वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी १८०० सीसीची, जवळपास ४०० किलोची गाडी कायद्याने रस्त्यावर आणू शकतो. युरोपात तसं नाही. तिथे १२५ सीसीपर्यंत 'ए-वन', ३५ किलोवॉट ताकदीपर्यंत 'ए-टू' आणि त्यापुढे 'ए' असे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला किमान वय ठरलेलं आहे. आपल्याकडे हे टप्पे नाहीत. त्यामुळे ते आपले आपणच पाळायचे.

या लेखात बघूया: क्रूझर म्हणजे नेमकं काय, ती वेगळी का चालते, पहिल्या दिवशी काय करायचं, आणि पुण्यातून पहिली राइड कुठे न्यायची.

क्रूझर म्हणजे काय?

सीट खाली, हँडल रुंद आणि आपल्याकडे ओढलेलं, पाय पुढे, चाकांमधलं अंतर जास्त. बसल्यावर पाठ सरळ राहते. इंजिन कमी आरपीएमला जोर देईल असं बसवलेलं असतं. याच गाडीला समोर मोठी काच, बाजूला सामानाच्या पेट्या आणि मागच्यासाठी टेकायला पाठ दिली की ती टूरिंग क्रूझर. कामच लांब पल्ल्याचं: दिवसाला चार-पाचशे किलोमीटर, न थकता.

या प्रकाराशी पुण्याचं नातं जुनं आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकीसोबत १७५ सीसीची 'एलिमिनेटर' आणली. तिच्यावरूनच २००५ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर' आली, आणि साध्या बजेटमध्ये पाय पुढे टाकून बसायची मजा अनेकांनी पहिल्यांदा तिच्यावर घेतली. पुढे रॉयल एनफिल्डची 'मिटिऑर ३५०' नोव्हेंबर २०२० मध्ये आणि 'सुपर मिटिऑर ६५०' जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. आता 'मोठी क्रूझर' म्हटलं की आपल्याकडे आधी या ६५०चं नाव निघतं. त्याच्या वर हार्ले-डेव्हिडसन, होंडा गोल्ड विंग, बीएमडब्ल्यू आर १८ अशी मंडळी आहेत.

आकडे बघा, मग अंदाज येईल

पेट्रोलसकट वजन आणि सीटची उंची, साधारण अशी:

• हीरो स्प्लेंडर प्लस: ११२ किलो, सीट ७८५ मिमी
• बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०: १६३ किलो, सीट ७३७ मिमी
• मिटिऑर ३५०: १९१ किलो, सीट ७६५ मिमी
• सुपर मिटिऑर ६५०: २४१ किलो, सीट ७४० मिमी
• होंडा गोल्ड विंग टूर: ३९० किलोच्या आसपास, सीट ७४५ मिमी
• बीएमडब्ल्यू आर १८ ट्रान्सकॉन्टिनेंटल: ४२७ किलो, सीट ७४० मिमी

यात एक फसवी गोष्ट आहे. वजन दुप्पट-चौपट होतं, पण सीट स्प्लेंडरपेक्षाही खाली येते. त्यामुळे बसताक्षणी दोन्ही पाय टेकतात आणि वाटतं, "अरे, ही तर सोपी आहे!" उभी असेपर्यंत सोपीच आहे. ती एका बाजूला जरा जास्त कलली की मग कळतं. स्प्लेंडर कलली तर आपण पायाने सावरतो. २४१ किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की पाय तिला थोपवू शकत नाही. उलट तोच पाय खाली अडकतो.

दुसरा आकडा लांबीचा. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिमी, सुपर मिटिऑरचं १५०० मिमी, गोल्ड विंगचं १६९५ मिमी. हे अंतर जास्त असल्यामुळे गाडी हायवेवर रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते. पण त्यामुळेच गल्लीतल्या यू-टर्नला ती दुप्पट जागा मागते. सदाशिव पेठेतल्या बोळात ज्या सहजतेने स्कूटर वळवता, ती सहजता इथे विसरा.

टॉर्क आणि पॉवर: फरक कुठे जाणवतो?

जुनी ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक घ्या: ४३.५ पीएस पॉवर. सुपर मिटिऑर ६५० घ्या: ४७ पीएस. कागदावर जवळपास सारख्याच. मग चालवताना जमीन-अस्मानाचा फरक का?

कारण टॉर्क. सोप्या भाषेत, टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, आणि पॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातो ते. ड्यूकचा सर्वाधिक टॉर्क ३७ न्यूटन मीटर, तोही ७००० आरपीएमला. म्हणजे गाडी पिळावी लागते. सुपर मिटिऑरचा ५२.३ न्यूटन मीटर, ५६५० आरपीएमला, आणि त्यातला मोठा भाग २५०० च्या आसपासच मिळायला लागतो. गोल्ड विंगचा तर १७० न्यूटन मीटर.

याचा व्यवहारातला अर्थ असा की क्रूझरला निघताना रेस द्यावी लागत नाही. लहान गाडीच्या सवयीने आधी रेस देऊन मग क्लच सोडलात, तर गाडी तुमच्या अपेक्षेपेक्षा पुढे असेल. पहिल्या गिअरमध्ये फक्त क्लच हळूहळू सोडून बघा. सपाट रस्त्यावर ती रेस न देताही सरकायला लागते.

पहिले वीस मिनिटं: गाडी बंद ठेवूनच

मित्राने किल्ली दिली की लगेच स्टार्टर दाबायचा मोह होतो. थांबा. आधी हे करा:

१. साइड स्टँड काढून गाडी सरळ उभी करा. हळूच डावीकडे-उजवीकडे दोन-दोन इंच कलवून बघा. कुठे वजन अचानक 'येतं', तो बिंदू ओळखा.

२. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. रुंद हँडलच्या लांबच्या टोकापर्यंत तुमचा हात पोचतो का? क्लच आणि रेस पकडता येते का? येत नसेल तर यू-टर्नला तुम्ही अडकणार.

३. पाय उचलून फूटरेस्टवर ठेवा. ते नेहमीच्या जागी नाहीत, पुढे आहेत. मागचा ब्रेक आणि गिअर न बघता पाच वेळा शोधा.

४. बसल्या बसल्या गाडी दोन फूट मागे ढकला. जमत नसेल तर एक नियम आजच पाठ करा: उताराला तोंड करून, समोर भिंत असेल अशी गाडी कधीही लावायची नाही. चढावर मागे ढकलणं एकट्याचं काम नाही. म्हणूनच गोल्ड विंगमध्ये मागे जायची मोटरची सोय असते, आणि आर १८ च्या टूरिंग गाड्यांनाही ती मिळते.

हळू चालवणं हीच खरी परीक्षा

मोठी गाडी ८० च्या स्पीडला पडत नाही, ती पडते ५ च्या स्पीडला: पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये, सिग्नलला थांबता थांबता. याचं कारण सोपं आहे. वेग असला की गाडी स्वतःचा तोल स्वतः राखते. वेग नसला की तो तोल तुम्हाला राखावा लागतो.

हळू वेगात तीन गोष्टी एकत्र लागतात: हाफ क्लच, थोडी स्थिर रेस, आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. इंजिन पुढे ओढतंय आणि मागचा ब्रेक धरून ठेवतोय, या ओढाताणीत गाडी ताठ राहते. कमीजास्त करायचं ते क्लचने आणि ब्रेकने. रेस तशीच ठेवायची.

चौथी गोष्ट नजर. जिथे जायचंय तिथे बघा. यू-टर्न घेताना मान वळवून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे. समोरच्या खड्ड्याकडे टक लावलीत तर खड्ड्यातच जाल.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: हळू वेगात, हँडल वळलेलं असताना, पुढचा ब्रेक दाबायचा नाही. क्रूझर पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. पुढचं चाक थांबतं आणि सगळं वजन वळलेल्या बाजूला खाली जातं. थांबायचंच असेल तर आधी हँडल सरळ करा, मग ब्रेक. अगदी हळू असाल तर फक्त मागचा.

सरावासाठी मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी रिकामं असलेलं पार्किंग बघा, अर्थात परवानगी घेऊन. चार पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्यामधून नागमोडी काढा, मग आठचा आकडा. अर्धा तास हे केलंत तर पुढची सहा महिन्यांची भीती कमी होईल.

वेगात वळताना: उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकला

हे वाचून चुकीचं वाटेल, पण तुम्ही बाइकवर रोज हेच करता, फक्त नकळत. साधारण २०-२५ च्या वर वेग गेला की हँडल फिरवून गाडी वळत नाही, ती कलून वळते. उजवीकडे कलवायची असेल तर उजवं हँडल हलकं पुढे ढकलायचं. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. लहान गाडी शरीर झुकवूनही वळते, जड गाडी त्याने दाद देत नाही. म्हणून घाटात "गाडी वळतच नाही!" असं वाटून नवे लोक ब्रेक मारतात आणि सरळ पलीकडच्या लेनमध्ये जातात. एकदा सरळ, मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात हलकं ढकलून बघा. कळेल.

आणखी एक: क्रूझरचं पोट जमिनीजवळ असतं. सुपर मिटिऑरला खाली १३५ मिमीच जागा आहे. जास्त कलवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो. तो आवाज आला तर दचकून हँडल झटकू नका, फक्त कलणं थोडं कमी करा. पुढच्या वळणाआधी वेग कमी ठेवा.

ब्रेक: किती अंतर लागतं?

हिशोब करून बघू. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी १७ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारून थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४०. वेग ८० असेल तर हेच अंतर ६३ मीटरच्या आसपास जातं. वेग २० ने वाढला, अंतर दीडपटीहून जास्त. आणि ८० च्या वेगात क्रूझर ५० सारखी शांत वाटते, हा खरा धोका.

क्रूझर लांब आणि बुटकी असल्याने ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढे जात नाही, त्यामुळे तिचा मागचा ब्रेक स्पोर्ट बाइकपेक्षा जास्त कामाचा असतो. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा.

१२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर किंवा पेडल थरथरेल. घाबरून सोडू नका, ती थरथर म्हणजेच एबीएस काम करतंय. पण साधं एबीएस सरळ रेषेत ब्रेक मारण्यासाठी आहे. वळणात कललेली गाडी ओळखणारं एबीएस महागड्या गाड्यांमध्येच असतं.

जाता जाता: क्रूझ कंट्रोल आणि क्रूझर या दोन वेगळ्या गोष्टी. क्रूझ कंट्रोल म्हणजे रेस न धरता वेग कायम ठेवणारी सोय. गोल्ड विंगमध्ये ती आहे, सुपर मिटिऑरमध्ये नाही.

मोबाइल हँडलला लावताय? कॅमेरा जाऊ शकतो

हे अनेकांना माहीतच नसतं. आजच्या बहुतेक चांगल्या फोनमध्ये फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याची लेन्स बारीकशा स्प्रिंगवर तरंगती असते. त्याला ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन म्हणतात. मोठ्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट या भागात जाते. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच्या मदत पानावर स्पष्ट सांगितलं की ताकदवान मोटारसायकलला आयफोन थेट जोडू नका, कॅमेऱ्याची कामगिरी खराब होऊ शकते. दुसऱ्या कंपन्यांच्या फोनमध्येही तत्त्व तेच आहे. मग काय करायचं?

• थरथर शोषणारा डँपर असलेला माउंट घ्या. साधा प्लास्टिकचा क्लॅम्प नको.
• शक्य असेल तर फोन जॅकेटच्या खिशात, रस्ता कानात ऐकायचा, आवाज बेताचा.
• सुपर मिटिऑर आणि मिटिऑरवर 'ट्रिपर' नावाची छोटी गोल स्क्रीन येते. फोन ब्लूटूथने जोडला की ती फक्त वळण आणि अंतर दाखवते. फोन खिशातच राहतो.
• गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा मोड निवडा. भारतात तो २०१७ पासून आहे. कारच्या मोडवर ठेवलंत तर मॅप तुम्हाला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घालेल, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे.
• नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही असा वापरता येतो. रील बनवणं त्यात बसत नाही. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा.

पुण्यातून पहिली राइड कुठे?

रविवारी सकाळी सहाला निघा. निगडीचा भक्ती-शक्ती चौक, तिथून जुना मुंबई हायवे: देहूरोड, तळेगाव, कामशेत. एका बाजूचं अंतर २५-३० किलोमीटर. रस्ता रुंद, चढ-उतार बेताचे, वळणं मोकळी. कामशेतला चहा घ्या आणि परत फिरा. लोणावळ्यात शिरू नका, वीकेंडच्या गर्दीत क्लच धरून हात दुखून येईल.

काय टाळायचं? पहिल्या दिवशी सिंहगडाची चढण नको, रस्ता अरुंद आणि वळणं आखूड. ताम्हिणी पावसाळ्यात नको: धुकं, शेवाळ, आणि मधेच थांबलेल्या गाड्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तर अनुभवी लोकही जपून उतरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. गिअरमध्ये ठेवा म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवतं. डोळे आरशात ठेवा आणि ट्रकच्या पुढे रेंगाळू नका.

शहरात दोन त्रास होतील. एक, स्पीडब्रेकर. पाय पुढे असल्याने फूटरेस्टवर उभं राहून धक्का घेता येत नाही, तो थेट कमरेला बसतो. वेग आधीच कमी करा. दुसरा, उष्णता. स्वारगेटच्या सिग्नलला तीन मिनिटं थांबलात तर मोठं इंजिन मांडीला चटका देईल. काही हार्ले गाड्यांमध्ये उभं असताना मागचा सिलिंडर बंद करण्याची सोय असते ती याचसाठी. हाफ पँट घालून क्रूझर चालवू नका. सायलेन्सर पोटरीच्या उंचीवर असतो.

पडलीच तर?

पडत असेल तर पडू द्या, पाय बाहेर काढा. टाकीला पोचा येईल, तो निघतो. पायाचं हाड जुळायला महिने जातात. मित्राची गाडी असली तरीही. "त्याची नवी गाडी आहे" म्हणून शेवटच्या क्षणी ती धरायला जाणं, इथेच पाय मोडतात.

उचलताना: आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. शक्य असेल तर पहिला गिअर टाका. गाडीकडे पाठ करा, सीटला पार्श्वभाग टेकवा, एक हात जमिनीकडच्या हँडलला, दुसरा मागच्या फ्रेमला. मग पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने, छोटी पावलं टाकत मागे ढकला. पाठीतून वाकून उचललीत तर कंबर जाईल. ३००-४०० किलोची असेल तर लाजू नका, दोन माणसं बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उंची कमी आहे, क्रूझर जमेल का?
सीट खाली असल्याने पाय टेकायचा प्रश्न सहसा येत नाही. हँडल आणि फूटरेस्ट पोचतात का, ते मात्र बसूनच बघा.

भाड्याने घेऊन बघू का?
चांगली कल्पना. पण काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी घ्या, ती भाड्यासाठी नोंदलेली असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला तर विम्याचं प्रकरण अंगावर येऊ शकतं. गाडी घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

थेट ६५० घेऊ का?
१५०-२०० सीसीवर हायवेची सवय असेल तर जमू शकतं. आतापर्यंत फक्त स्कूटर चालवली असेल तर आधी अ‍ॅव्हेंजर किंवा ३५०वर काही महिने काढा.

मागे कुणाला बसवू?
पहिले काही दिवस कुणालाच नाही. मागचं ६० किलो वजन तुमच्या प्रत्येक चुकीत भर घालतं.

निघण्याआधी शेवटची यादी

आयएसआय मार्क असलेलं, हनुवटी झाकणारं हेल्मेट, पट्टा लावलेला. घोटा झाकणारे बूट. हातमोजे. जीन्स आणि जॅकेट. टायरमधली हवा. साइड स्टँड वर. आणि मित्र म्हणाला "काही होत नाही रे, चालव बिनधास्त," तर हसून मान डोलवा, पण आधी वीस मिनिटं गाडी बंद ठेवून तिच्यावर बसा. बिनधास्तपणा नंतर आपोआप येतो.